मूळव्याध, ताक, क्षारसूत्र आणि ऑनलाइन चूर्णं: वाचकांचे प्रश्न, वैद्यांची उत्तरं

मागच्या अंकात पोटाच्या तक्रारींवर लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आणि मेल आले त्यात मूळव्याधीचेच प्रश्न सगळ्यात जास्त निघाले. जवळजवळ प्रत्येकाने शेवटी 'कृपया नाव छापू नका' असं लिहिलंय, त्यामुळे नावं, गावं सगळं काढून टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ज्यांना लगेच दाखवण्याची गरज वाटली त्यांना अंकाची वाट न बघता वेगळं कळवलंय.

प्रश्न: ताई नमस्कार, माझं वय 29, दिवसभर खुर्चीत बसून काम. गेले काही आठवडे संडास झाल्यावर शेवटी लालभडक रक्त पडतं, कधी थेंब थेंब तर कधी धारच लागते, पण दुखत अजिबात नाही. नेटवर वाचलं तर मूळव्याध असणार असं दिसतंय. एक आयुर्वेदिक चूर्ण आणि गोळ्यांचा कोर्स ऑनलाइन मागवलाय, 'साइड इफेक्ट शून्य, मुळासकट बरा' असं लिहिलंय त्यावर. डॉक्टरकडे जायची खरं सांगू का, लाज वाटते. कोर्स सुरू करू ना?

नको करूस सुरू, निदान आत्ता तरी नको. आधी कोणालातरी दाखव, वैद्य असो नाहीतर सर्जन असो, पण बघितलं गेलं पाहिजे. तू जे लिहिलंस, न दुखता लाल ताजं रक्त आणि तेही शेवटी, ते आतल्या मोडांचं अगदी नेहमीचं लक्षण आहे हे खरं. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या गाद्या प्रत्येकालाच असतात, त्या फुगल्या आणि खाली सरकल्या की मोड म्हणतात, आणि आतल्या भागाला दुखण्याची जाणीव फारशी नसते म्हणून रक्त जातं पण दुखत नाही. तरीपण रक्त जाण्याची कारणं आणखीही आहेत, फिशर म्हणजे चीर आहे, आतड्याची सूज आहे, पॉलिप म्हणजे आतड्यात वाढलेला कोंब आहे, आणि हे कुठलंही चूर्ण ओळखू शकत नाही. तपासणी म्हणजे काय तर कुशीवर झोपायचं, ग्लोव्ह घालून बोटाने तपासतात, मग प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी घालून आत बघतात, सगळं मिळून काही मिनिटांचं काम. आम्ही हे रोज बघतो रे, आमच्यासाठी त्यात लाजण्यासारखं काहीच नसतं. ज्यांनी लाजेपायी वर्ष वर्ष काढलं आणि हिमोग्लोबिन पार खाली गेल्यावर आले अशी माणसं मात्र बघितली की फार वाईट वाटतं.

आता त्या कोर्सबद्दल. मूळव्याधीला आयुर्वेदात अर्श म्हणतात आणि चरकाने उपचारासाठी त्याचे सरळ दोन गट केलेत, एक शुष्क म्हणजे कोरडे मोड आणि दुसरे आर्द्र म्हणजे रक्त जाणारे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर स्पष्टच म्हटलंय की कोरड्यांना बिब्बा श्रेष्ठ आणि रक्त जाणाऱ्यांना कुड्याची साल श्रेष्ठ. एक औषध उष्ण, तीक्ष्ण, दुसरं थंड आणि रक्त थांबवणारं. आता सांग, सगळ्यांना एकच डबा पाठवणारा माणूस तुझे मोड कुठल्या गटातले हे न विचारता औषध देतोय, तर त्याला आयुर्वेद म्हणायचं कशाच्या जोरावर? तुला रक्त जातंय आणि डब्यात उष्ण औषधं असली तर रक्त वाढेल.

डबा आलाच असेल तर मागची बाजू वाच. परवाना नंबर आहे का, घटकांची पूर्ण यादी आहे का, आणि 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा आहे का. हा इशारा कायद्याने त्या औषधांवर टाकावा लागतो ज्यात विषारी गटातली द्रव्यं असतात, उदाहरणार्थ पारा. अर्शकुठार रसाचं नाव तू वाचलं असशील, त्यात पारा, गंधक आणि धातूंची भस्मं असतात, नीट बनवलेलं, नीट दिलेलं असेल तर वैद्य ते वापरतात, पण स्वतःच्या मनाने महिनोन् महिने खायची ती गोष्ट नाही. 2004 साली छापलेल्या एका अभ्यासात अमेरिकेत बॉस्टन भागातल्या दुकानांतून आयुर्वेदिक औषधं घेऊन तपासली होती, 70 पैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आयुर्वेदावर माझं पोट आहे आणि जीवही आहे, म्हणूनच हा आकडा मी लपवणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अशा बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, पहिल्या आठवड्यात पोट मस्त साफ होतं आणि माणूस खुश, पुढे तिच्याशिवाय होतच नाही.

तपासून मोड पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीचे निघाले (म्हणजे आतच आहेत, किंवा बाहेर येतात पण आपोआप आत जातात) तर औषधाने आणि खाण्याने सहसा आटोक्यात येतात. कुटजघन वटी, नागकेशर लोण्या-खडीसाखरेबरोबर, अशी जुनी आणि सौम्य औषधं आहेत, मात्रा तुला बघणारा ठरवेल. आणि तोपर्यंत रोज रात्री दोन चमचे इसबगोल ग्लासभर पाण्यात घालून लगेच पिऊन टाक, त्यावर अजून पाणी पी. फायबर नियमित घेणाऱ्यांमध्ये रक्त जाण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं असं बरेच अभ्यास एकत्र करून बघितल्यावर दिसलंय, आणि हे ना ऑनलाइन कोर्सवाले सांगतात ना जाहिराती.

प्रश्न: मॅडम, मला संडासच्या वेळी काचा घासल्यासारखं दुखतं आणि नंतर दोन-तीन तास आग होत राहते, बसवत नाही. कागदाला रक्ताची फक्त रेघ लागते. बाहेर एक छोटा कोंब हाताला लागतो. घरात सगळे म्हणतात मोड आहे, जाऊबाईंनी काशीसादि तेल दिलंय ते लावतेय पण आग जास्तच होते.

ते तेल आधी बंद करा ताई, आजपासूनच. तुम्ही जे वर्णन केलंय ते मोडापेक्षा फिशरचं जास्त वाटतंय, आमच्याकडे परिकर्तिका म्हणतात, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर. आणि तो जो कोंब हाताला लागतो ना तोच सगळा घोटाळा करतो, चीर जुनी झाली की तिच्या टोकाशी कातडीचा असा छोटा लोंबता तुकडा तयार होतो, दिसायला मोडासारखा, पण मोड नव्हे. काशीसादि तेल हे मोड झडावेत म्हणून बनवलेलं तीक्ष्ण तेल आहे, त्यात हिराकस असतं, रुईचा आणि निवडुंगाचा चीक असतो, ग्रंथातल्या पाठाप्रमाणे केलं तर हरताळ, मनशीळ ही आर्सेनिकची खनिजंही असतात. उघड्या जखमेवर हे लावल्यावर आग होणार नाही तर काय होणार.

फिशरमध्ये मुख्य त्रास असा की चीर दुखते म्हणून आतला स्नायू आवळून धरतो, आवळला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, रक्त कमी म्हणून चीर भरत नाही आणि दुखेल या भीतीने तुम्ही संडास थोपवून धरता, मग ती आणखी कडक होऊन पुन्हा तीच चीर फाडते. हे चक्र तोडायचं. टबात कोमट पाणी घेऊन 10 ते 15 मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा, आणि संडास झाल्यावर तर नक्कीच. पाणी कोमट म्हणजे कोमटच, कढत नको, आणि त्यात जंतुनाशक, तुरटी, मीठ काही टाकायची गरज नाही. लावायला यष्टीमधु घृत म्हणजे ज्येष्ठमधाचं तूप किंवा शतधौत घृत म्हणजे शंभर वेळा धुतलेलं तूप, किंवा जात्यादि घृत, सगळी थंड आणि जखम भरणारी. रात्री कोमट दुधात चमचाभर तूप घेतलं तर बऱ्याच जणींना फरक पडतो. वैद्यांकडे गेलात तर ते मात्रा बस्ती देतील, म्हणजे गुदद्वारातून थोडं तेल आत सोडतील, मळ सुटतो आणि स्नायू सैल पडतो, मला स्वतःला हा उपचार फार आवडतो. सहा-आठ आठवडे होऊन गेले असतील आणि तरी फरक नसेल तर सर्जनना दाखवा, स्नायू सैल करणारी मलमं त्यांच्याकडे असतात आणि अगदीच नाही जमलं तर छोटं ऑपरेशन असतं. तो कोंब स्वतः दोरा बांधून काढायला जाऊ नका, एकीने केलं होतं म्हणून मुद्दाम सांगतेय.

प्रश्न: ताकाने मूळव्याध जाते म्हणतात ते खरं का? आणि सुरण? दही चालेल का मग? जरा सविस्तर सांगा, घरात यावर रोज वाद होतो.

या प्रश्नाची मी वाटच बघत होते, कारण मूळव्याधीच्या आयुर्वेदिक उपचारात औषधाइतकं, खरं तर औषधापेक्षाही जास्त, वजन ताकाला दिलंय. चरकाच्या चिकित्सास्थानातला 14 वा अध्याय पूर्ण अर्शावर आहे, त्यात वात आणि कफाच्या मोडांना ताकाहून चांगलं दुसरं औषध नाही असं म्हटलंय. पुढे एक श्लोक येतो तो मला कायम लक्षात राहिलाय, की जमिनीवर ओतलेलं ताक तिथलं गवतसुद्धा जाळून टाकतं, तर ज्याचा अग्नी म्हणजे पचनशक्ती पेटलेली आहे अशा माणसाच्या शरीरातल्या मोडांचं काय सांगायचं. गवताची गोष्ट शब्दशः घेऊ नका, पण त्यामागचा विचार नीट समजून घ्या. मोड खाली दिसतात, बिघाड वर पचनात आहे. अर्श, अतिसार म्हणजे जुलाब आणि ग्रहणी म्हणजे पचन बिघडून संडास कधी पातळ कधी घट्ट होणं, हे तिन्ही एकमेकांना जन्म देतात आणि तिघांच्या मुळाशी मंदावलेला अग्नी असतो असं ग्रंथ सांगतात, म्हणून आम्ही मोडाला मलम लावण्याआधी भूक कशी आहे, ढेकर कशी येते, मळ पाण्यात तरंगतो का बुडतो हे विचारत बसतो आणि पेशंट वैतागतात की दुखतंय कुठे आणि या विचारतायत काय.

तर ताक कसं. चरकाने त्याचे तीन प्रकार सांगितलेत, सगळं लोणी काढलेलं, अर्धं काढलेलं आणि अजिबात न काढलेलं, आणि माणसाचा दोष, अग्नी आणि ताकद बघून त्यातलं निवडायचं. पचन अगदी मंद, अंग जड, तोंडाला चव नाही अशाला लोणी काढलेलं पातळ ताक. वाळलेला, कोरडा, मळ खडा होणारा माणूस असेल तर लोणी थोडं राहू दे. किती दिवस तेही दिलंय, सात दिवस, दहा दिवस, पंधरवडा किंवा महिना, आणि हळूहळू वाढवत न्यायचं, हळूहळूच कमी करायचं, एकदम बंद नाही. घरी करायचं तर दही ताजं, फार आंबट नको, भरपूर पाणी घालून चांगलं घुसळलेलं, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सैंधव, वाटल्यास ओवा, जेवताना किंवा जेवणानंतर वाटीभर. मिक्सरमधून फिरवलेलं पाणचट दही म्हणजे ताक नव्हे, घुसळून लोणी वेगळं झालं पाहिजे. ग्रंथात चित्रकाच्या मुळाची साल वाटून मडक्याला आतून लेप द्यायचा आणि त्यात दही लावायचं अशी कृती आहे, ती घरी करू नका, चित्रक फार तीक्ष्ण आहे, तोंड येतं, पोटात आग पडते.

आणि दही चालेल का, तर नाही चालत. दही जड, चिकट, मार्ग अडवणारं आणि ताक हलकं, मार्ग मोकळे करणारं, एकाच दुधाचे दोघं पण गुण उलटे. जिथे वाद असतो तिथे 'दही खा थंड असतं' म्हणणारे असतातच, त्यांना सांगा की आयुर्वेदात दही उष्ण धरलंय.

आता ताकाची दुसरी बाजू, जी सहसा कोणी सांगत नाही. सुश्रुताने ताक कोणाला देऊ नये हेही लिहिलंय, जखम असलेला, अशक्त, चक्कर आणि दाह असलेला, रक्तपित्ताचा म्हणजे अंगातून रक्त जाण्याच्या आजाराचा रोगी, आणि कडक उन्हाळा. म्हणून ज्यांना आगीबरोबर भरपूर रक्त जातंय त्यांनी आंबट ताकाचे ग्लासवर ग्लास रिचवू नयेत. अगदी ताजं, गोड, पातळ ताक थोडं घेऊन बघायचं, जळजळ वाढली तर थांबायचं. ब्लड प्रेशरवाल्यांनी मीठ टाकू नये. ज्यांना दूधच पचत नाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ताक पचतं, पण थोड्याने सुरुवात करा.

सुरणाचं तर एक नावच अर्शोघ्न म्हणजे मोडांचा नाश करणारा असं आहे. सुरणवटक, बाहुशाल गूळ ही त्याचीच औषधं. घरात खायचं तर चांगलं शिजवून, चिंच किंवा आमसूल घालून, कारण त्यातले ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला खाजवतात. जुन्या पद्धतीत सुरणाला मातीचा लेप देऊन विस्तवात भाजतात, मग सोलून तूप-सैंधव घालून खातात, चव छान लागते. मुतखडा होण्याची सवय असेल तर मात्र सुरण टाळा. आणि रक्त जोरात जात असताना नको, तो उष्ण आहे.

प्रश्न: बाबांना तिसऱ्या डिग्रीची मूळव्याध सांगितलीय, हाताने आत ढकलावी लागते. एका ठिकाणी लेझर सांगतात, एका ठिकाणी क्षारसूत्र, काका म्हणतात ऑपरेशनच करा, परत परत कटकट नको. आयुर्वेदात ऑपरेशन असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. काय करावं?

असतं, आणि फार जुनं आहे. सुश्रुताने अर्शाचे चार उपाय सांगितलेत, भेषज, क्षार, अग्नी आणि शस्त्र, आणि कुठे कोणता हेही. नवे, कमी त्रासाचे मोड असतील तर औषध. मऊ, पसरलेले, खोल, वर आलेले असतील तर क्षार. खरखरीत, जाड, कडक, न हलणारे असतील तर अग्नी म्हणजे डाग. देठ बारीक, मोड उंच आणि ओलसर असेल तर शस्त्र. इतक्या जुन्या काळात पेशंटचा मोड बघून पद्धत ठरवायची हा नियम कोणी घालून दिला असेल तर त्याच्यापुढे मान लवते. चरक मात्र काया-चिकित्सेचा म्हणजे औषधोपचाराचा, त्याने त्याच अध्यायात शस्त्र, क्षार आणि अग्नी हे धोक्याचे आहेत, ज्याला त्यातलं खरं ज्ञान आहे त्यानेच करावेत, असं बजावून मग औषधं सांगितली.

क्षारकर्म म्हणजे काय होतं ते सांगते, म्हणजे भीती जाईल. आघाडा जाळून त्याची राख पाण्यात मिसळतात, ते पाणी पुन्हा पुन्हा गाळून आटवतात, त्यातून दाहक क्षार मिळतो. भूल दिल्यावर एका बाजूने उघडा असलेल्या प्रॉक्टोस्कोपमध्ये एक एक मोड पकडायचा, आजूबाजूची त्वचा झाकून घ्यायची आणि त्यावर क्षार लावायचा. सुश्रुताने वेळ दिलाय शंभर मात्रा म्हणजे ऱ्हस्व अक्षरं उच्चारायला लागेल तितका. मोडाचा रंग बघता बघता बदलतो आणि पिकलेल्या जांभळासारखा झाला की थांबायचं, लगेच लिंबाच्या रसाने धुवून टाकायचं, आम्लाने क्षाराची धार जाते. मग ज्येष्ठमधाचं तेल किंवा तूप. पुढच्या काही दिवसांत मोड आकसतो आणि झडतो. क्षार जास्त वेळ राहिला किंवा बाजूला सांडला तर खोल भाजतं, म्हणून हात सवयीचा पाहिजे.

क्षारसूत्र हा त्याच क्षाराचा दोरा. लिननच्या दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे मिळून 21 थर चढवतात, प्रत्येक थर वाळवून मग पुढचा. मोडाच्या बुडाशी तो ओवून बांधला की साधारण आठवड्याभरात मोड गळून पडतो. विसाव्या शतकात बनारस हिंदू विद्यापीठातल्या डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पुन्हा उभी केली. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, क्षारसूत्राचा जो सगळ्यात मजबूत पुरावा आहे तो भगंदराचा म्हणजे गुदद्वाराजवळ नळीसारखी वाहणारी जखम होते त्या आजाराचा आहे, मूळव्याधीचा नाही. आयसीएमआरने म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत मिळून केलेला अभ्यास 1991 साली छापला गेला, त्यात भगंदर परत होण्याचं प्रमाण क्षारसूत्राने 4 टक्के आणि ऑपरेशनने 11 टक्के होतं, भरायला वेळ मात्र जास्त, 8 आठवडे विरुद्ध 4 आठवडे. हे आकडे मूळव्याधीच्या बोर्डवर लावलेले दिसले तर समजा की बोर्ड लावणाऱ्याने अभ्यास वाचलेला नाही.

बाबांसाठी माझं मत. तिसरी डिग्री म्हणजे नुसत्या गोळ्यांनी मोड परत वर जाऊन बसतील ही आशा धरू नका, पोट सुधारेल, रक्त कमी होईल, पण ढकलावं लागणं बहुधा राहील. मोड एक-दोन आणि मऊ असतील तर क्षारकर्म किंवा रबर बँड लावणं हे दोन्ही पर्याय विचारा. मोठे असतील, बाहेरचा भागही असेल तर क्षारसूत्र किंवा कापून काढायचं ऑपरेशन. कापून काढण्यात दुखणं जास्त असतं हे खरं, पण परत होण्याचं प्रमाण सगळ्यात कमी त्यातच आहे, काकांचं अगदीच चूक नाही. लेझरला दुखणं कमी, घरी लवकर जातात, पण मोठ्या मोडांना परत होऊ शकतं, आणि चौथ्या डिग्रीला, म्हणजे मोड ढकलूनही आत जात नाहीत तेव्हा, तर मी सुचवणार नाही.

आयुर्वेदिक पद्धत करायचं ठरलं तर करणारे एमएस शल्यतंत्र आहेत का हे विचारा, ही आयुर्वेदातली सर्जरीची पदव्युत्तर पदवी आहे आणि 2020 मध्ये जी 58 ऑपरेशनांची यादी भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने काढली त्यात मूळव्याधीचं ऑपरेशन आहे. भूल कोण देणार, रक्त थांबलं नाही तर रात्री कोण बघणार, बाबांची शुगर तपासलीय का, हेही विचारा, संकोच करू नका. आणि 'एका इंजेक्शनमध्ये मूळव्याध साफ, बिना ऑपरेशन' असे जे कुठेही खोली घेऊन बसलेले असतात, ज्यांच्या दारावर पदवीच लिहिलेली नसते, त्यांच्याकडे कृपा करून जाऊ नका. तिथून भाजलेली, सडलेली, कायमची आकसलेली गुदद्वारं घेऊन माणसं येतात आणि मग वैद्य काय, सर्जन काय, सगळ्यांचेच हात बांधलेले असतात.

प्रश्न: मी सातव्या महिन्यात आहे, मोड आलेत, खूप खाज आणि जडपणा. सासूबाई अभयारिष्ट घे म्हणतात, आयुर्वेदिक आहे म्हणून चालेल का?

नको, अभयारिष्ट नको. त्यात हिरडा, द्राक्षं आहेत ते ठीक, पण दंती, निशोत्तर अशी जोरदार रेचकंही आहेत आणि आसव-अरिष्टांत आंबवताना तयार झालेलं मद्य असतं. सासूबाईंचा हेतू काळजीचाच आहे, त्यांना हे एवढं वाचून दाखवा. एरंडेलही नको, पारा-भस्मांच्या गोळ्याही नकोत. गरोदरपणात संप्रेरकांमुळे आतडी मंद होतात आणि गर्भाशयाचा दाब खाली पडतो म्हणून मोड येतात, आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते बहुतेक जणींचे ओसरतात. तोवर इसबगोल पाण्याबरोबर, रात्री भिजवलेल्या मनुका, भाज्या, पाणी, डाव्या कुशीवर झोपणं, कोमट पाण्यात बसणं, आणि वरून शतधौत घृत किंवा साधं घरचं तूप. तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना या मोडांबद्दल सांगा. एकाएकी निळसर, टणक, फार दुखणारी गाठ आली तर त्याच दिवशी दाखवा, आत रक्त गोठलेलं असतं आणि पहिल्या तीन दिवसांत छोटी चीर देऊन ते काढलं तर पटकन आराम पडतो.

प्रश्न: वय 58, बऱ्याच वर्षांची मूळव्याध, अधूनमधून रक्त जातं, चूर्ण घेतलं की थांबतं. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. हल्ली थकवा फार येतो, वजन उतरलंय, संडास कधी पातळ कधी घट्ट. चूर्ण बदलू का? एका जाणकाराने सांगितलं की मूळव्याधीचं रक्त वाईट असतं, ते जाऊ द्यावं.

काका, चूर्ण बदलू नका, तपासणी करून घ्या, या आठवड्यातच. रक्ताची हिमोग्लोबिनची तपासणी आणि कोलोनोस्कोपी म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, हे दोन्ही. जुनी मूळव्याध आहे म्हणून आजचं रक्त तिचंच असेल असं धरून चालता येत नाही. पन्नाशीच्या पुढे, शौचाची सवय बदललेली, वजन कमी, थकवा, हे एकत्र दिसलं की मोठ्या आतड्याचा कॅन्सर नाही ना हे बघणं आधी येतं. बहुतेकदा नसतोच, आणि असला तरी लवकर सापडला तर बरा होतो, पण चूर्णावर काढलेले महिने परत मिळत नाहीत. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना रक्त जातंय हे सांगा आणि ते म्हणतील तसं करा. संडास डांबरासारखी काळी आली, चक्कर आली, घाम फुटला तर थेट हॉस्पिटल.

'वाईट रक्त जाऊ द्यावं' हे त्या जाणकारांनी अर्धवट वाचलेलं आहे. चरकाने अर्शातलं दूषित रक्त सुरुवातीलाच घाईने अडवू नये असं म्हटलंय, पण लगेच पुढे कोणत्या परिस्थितीत ते थांबवायलाच हवं हेही सांगितलंय. त्यासाठी रोग्याची ताकद, दोष आणि ऋतू बघतात, म्हणजे पेशंट समोर बसलेला असताना घ्यायचा निर्णय आहे हा. आधीच थकलेल्या, रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाने तो वाचून स्वतःला लावायचा नसतो. आणि आयुर्वेदातही अर्श आठ महारोगांपैकी एक आहे, सुश्रुताने त्याला वातव्याधी, प्रमेह, कुष्ठ यांच्या रांगेत बसवलंय, हलकं कधीच मानलेलं नाही. रिपोर्ट आले की मला कळवा, तपासणीत सगळं ठीक निघालं तर औषधाचं आपण नीट ठरवू.

प्रश्न: बिब्बा खाल्ल्याने मोड झडतात असं आजी म्हणायची. घरी देता येईल का?

नाही. आजीचं ऐकीव चुकीचं नाही, वर लिहिलं तसं कोरड्या मोडांना बिब्बा श्रेष्ठ सांगितलाय, पण तो शोधन म्हणजे आधी शुद्ध करून, मात्रा मोजून, तूप-दुधाच्या पथ्यात द्यायचा असतो. कच्च्या बिब्ब्याचं तेल नुसतं हाताला लागलं तरी फोड येतात, सूज येते, पोटात गेलं तर काय होईल याची कल्पना करा. काही जणांना तर त्याची इतकी ॲलर्जी असते की जवळून धूर गेला तरी तोंड सुजतं. वैद्यांकडूनच, तेही त्यांनी गरज आहे म्हटलं तरच.

प्रश्न: कमोडमुळे मूळव्याध होते का? भारतीय पद्धतीचा संडास बांधून घ्यायचा का परत?

त्यासाठी बांधकाम काढू नका. उकिडवं बसलं की मार्ग सरळ होतो आणि जोर कमी लागतो हे बरोबर, तर कमोडसमोर पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल ठेवा, थोडं पुढे वाका, तेवढ्याने काम होतं. खरा त्रास तिथे मोबाइल घेऊन बसण्याचा आहे. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा, फिरा, पुन्हा वेग आला की जा. वेग नसताना कुंथणं आणि वेग आलेला अडवून धरणं, ही दोन्ही कारणं ग्रंथांत अर्शाच्या कारणांत नाव घेऊन दिलेली आहेत. मोबाइल बाहेर ठेवून जायची सवय लावा, आणि घरातली मुलं किती वेळ आत बसतात तेही एकदा बघा.